दुर्गंध रोखला आहे

"मॅडम, या डबीतून पादल्याचा वास पाठवता येतो का?"

हिरल तामोरेनं माईक तोंडाशी धरून हे विचारलं, तेव्हा शाळेचं अख्खं सभागृह असं काही हसत सुटलं की पुढच्या रांगेतले शिक्षकही रुमाल शोधू लागले. मुख्याध्यापकांनी छताकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. खरं तर प्रश्न हिरलचा नव्हताच. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, झैनब आणि स्वरांगी, सकाळपासून तिच्या मागे लागल्या होत्या, की पुण्याहून ती 'दरवळ'वाली मॅडम येतेय ना, हिंमत असेल तर विचारून दाखव. झैनबच्या अब्बांची तालुक्याच्या बाजारात बेकरी आहे, त्यामुळे पैज आठवडाभराच्या नानकटाईवर लागली होती, आणि त्या नानकटाईसाठी हिरलनं याहून वाईट प्रश्नही विचारला असता.

मागच्या वर्षीची हिरल असती तर हजेरीला ओ देतानाही तिचा आवाज बाकाखाली गेला असता. पण ही यंदाची हिरल होती. दहावीतली, उंच वेणी बांधणारी, आणि जिच्या कोड्यांची रोज संध्याकाळी हजारो लोक वाट बघतात अशी.

दरवळ कंपनीची अभियंता कार्तिकी गव्हाणे हसून हसून डोळे पुसत होती. मग तिनं प्रश्न अगदी मनावर घेतला.

"बनवता येतो," ती म्हणाली. "पण पोचत नाही. का ते सांगते."

आपल्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. कुठलाही वास म्हणजे त्यातले कोणते जागे झाले आणि कोणते झोपून राहिले, याची एक नक्षी. पडद्यावर जसे लाल, हिरवे आणि निळे ठिपके मिळून सगळे रंग उभे करतात, तसं मूळ वस्तू न आणता नुसती तिची नक्षी उठवली, तरी नाकाला ती वस्तूच समोर आल्यासारखी वाटते. फक्त नाक तीन ठिपक्यांवर भागवून घेत नाही, म्हणून फोनच्या पाठीला चिकटवायच्या त्या डबीत मूळगंधांचे कितीतरी इवले कप्पे ठेवलेले असतात. पाठवणाऱ्याची डबी हवेतली नक्षी वाचते आणि आकड्यांत मांडते. घेणाऱ्याच्या डबीतले कप्पे त्याच मापात थरथरतात आणि एका श्वासापुरता वास नाकाखाली सोडतात.

"आणि पोचत का नाही, तर मध्ये आमची गाळणी बसलेली आहे. तिचं नाव निर्मळ," कार्तिकी म्हणाली. "आम्ही काही माणसांना बसवून हजारो वास हुंगायला दिले. त्यांना आम्ही पंच म्हणतो. प्रत्येकापुढे दोन बटणं, हवा आणि नको. बहुतेक पंचांनी नको म्हटलं, की यंत्र ती नक्षी लक्षात ठेवतं आणि पुढे तसलं काही आलं की वाटेतच अडवतं. अठरा वर्षांखालच्यांना ही गाळणी बंद करता येत नाही. तुमच्या शाळेच्या कल्पना बघता ते बरंच आहे."

पुन्हा हशा पिकला. हिरलही हसली. पण निर्मळची आणि तिची ओळख जुनी होती, आणि ती ओळख काही हसण्यासारखी नव्हती.

दरवळ शाळेत आलं ते जूनमध्ये. महिन्याभरात नुसता फोटो पाठवणारा माणूस मागासलेला ठरू लागला. मुली नव्या पुस्तकांच्या पानांचा वास पाठवायच्या, मुलं फुटबॉलचे मोजे पाठवू बघायची आणि गाळणीकडून मार खायची. कोणीतरी गणिताच्या पेपरआधीच्या वर्गाचा वास टाकला होता, शाई, घाम आणि डोक्याचं तेल, तर नववीतली एक खरंच सूत्रं घोकू लागली. वास भलत्याच जवळच्या वाटेनं मनात शिरतो. त्याला विचार करत बसायला वेळ नसतो.

प्रत्येकाच्या पानावर एक जागा होती, 'घराचा वास'. कोणीही तुमचं पान उघडलं की पहिला श्वास त्याचा. झैनबचं पान उघडलं की पहाटेची भट्टी आणि भाजलेलं तूप. स्वरांगी वर्तकांची, त्यांची सोनचाफ्याची वाडी, त्यामुळे तिचं पान म्हणजे नुसता सोनचाफा. हिरलनंही पहिल्याच दिवशी घरी येऊन अंगणात डबी उघडली होती.

तिचं गाव वारशेत. किनाऱ्यावरचं, तालुक्यापासून बसनं अर्ध्या तासावर. तिचे बाबा, हितेश, बोटीवर जातात. आई, भाविका, बोंबील सुकवते. अंगणात बांबूच्या चौकटींना दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. वाऱ्यावर त्या जोड्या हलतात तेव्हा हिरलला लहानपणी वाटायचं, मासे एकमेकांच्या कानात काहीतरी चुगली करतायत. त्या वासात ऊन असतं, मीठ असतं, आणि दुपारी शाळेतून आल्यावर ताटात काय असणार याची बातमी असते.

डबीनं नक्षी वाचली. मग पडद्यावर एक राखाडी नाक उमटलं, त्यावर तिरकी रेघ, आणि खाली अक्षरं: दुर्गंध रोखला आहे.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, मागच्या पडवीत पाहिलं. राखाडी नाक. आईच्या साडीला डबी लावली, तर तिथेही तेच. दुसऱ्या दिवशी ती स्वरांगीच्या वाडीवर गेली, सगळ्यांची पाठ वळल्यावर एका फांदीखाली डबी उघडली आणि तो सोनचाफा स्वतःच्या घराचा वास म्हणून लावून टाकला. मैत्रिणींना म्हणाली, आमच्याही दारात आहे एक झाड.

त्यानंतर तिनं घरातून काहीच पाठवलं नाही. बाहेरून मात्र पाठवतच सुटली. तिचं नाक जन्मतःच तयार होतं. झैनबच्या बेकरीत कुठल्या ट्रेमधली खारी जास्त भाजली गेली, हे ती दारातूनच सांगायची. तिनं कोडी घालायला सुरुवात केली. एक श्वास पाठवायचा आणि विचारायचं, ओळखा. खडूचा नवा खोका. पावसाळ्यात बंद राहिलेली छत्री. चष्म्याच्या दुकानातलं मखमली कापड. लोक वेडे झाले. बसमध्ये अनोळखी काकू तिला थांबवून कालच्या कोड्याचं उत्तर विचारू लागल्या, आणि हिरलचा आवाज बाकाखालून वर आला तो आलाच.

आता व्यासपीठावर कार्तिकीनं तिला बोलावून घेतलं, डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकामागून एक वास दिले. हिरलनं सगळे ओळखले. शेवटी तर ती म्हणाली, की हा तुमच्या ओढणीचा, आणि येताना गाडीत तुमच्या शेजारी कोणीतरी संत्रं सोललंय. कार्तिकीनं कबूल केलं, संत्रं तिनंच सोललं होतं.

त्या संध्याकाळी निरोप आला. हिरल तामोरे, दरवळची गंधदूत. रविवारी तिच्या घरातून थेट कार्यक्रम, 'माझं घर, माझा वास', राज्यभर. आवडला तर पुढे वर्षभर शहराशहरांतून दौरे. फक्त पालकांचा अंगठा हवा होता.

बाबांनी अंगठा द्यायला फोन हातात घेतला तेव्हा हिरल आनंदानं अंगणात गिरक्या घेत होती. अंगठा टेकल्याबरोबर तिचं पान उघडलं आणि डबीनं आपलं काम केलं. बाबांनी पडद्यावरचं 'घराचा वास' वाचलं, अंगणातल्या दोऱ्यांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. मग फोन परत देत म्हणाले, "चांगला आहे गो." आणि जाळं बघायचंय म्हणून बाहेर पडले. हिरलची गिरकी थांबली. पण तेवढ्यात झैनबचा फोन आला, तिला अभिनंदनही करायचं होतं आणि नानकटाई आठवड्याऐवजी चार दिवसांवर आणायची घासाघीसही करायची होती, आणि ते तसंच राहून गेलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. उद्याच्या तयारीसाठी झैनब आणि स्वरांगी पहिल्यांदाच वारशेतला निघाल्या. बसमध्ये हिरल वाऱ्यासारखी बोलत होती, कारण गप्प बसली असती तर विचार करावा लागला असता. मनातल्या मनात तिनं ठरवलं होतं, की मैत्रिणींना मागच्या गल्लीनं नेऊ, कार्यक्रम पडवीतून करू आणि सोनचाफ्याची जुनी नक्षी मागे लावून देऊ. बोंबलांविषयी काही निघालंच तर शेजाऱ्यांचे म्हणून सांगू.

पण शेजाऱ्यांवर ढकलायला काही उरलंच नव्हतं. ऑक्टोबरचं कडकडीत ऊन पडलं होतं, वारा सुटला होता, आणि अंगणातल्या दोऱ्या रिकाम्या होत्या. एकही बोंबील नाही. अंगण फिनेलनं धुतलेलं, उंबऱ्यावर उदबत्त्यांचा जुडगाच पेटवलेला. आई नवी साडी नेसून, गजरा घालून, पाहुण्यासारखी अवघडून उभी होती. आणि दाराशी एका कुंडीत गुडघ्याएवढं रोप होतं.

"हेच का तुमचं चाफ्याचं झाड?" स्वरांगीनं विचारलं.

"हेच," बाबा गंभीरपणे म्हणाले. "लहान आहे अजून."

रोपाला रोपवाटिकेची चिठ्ठी लटकत होती. वर्तकांच्या मुलीला सोनचाफ्याचं रोप आणि गुलाबाचं रोप यातला फरक कळणार नाही, असं बाबांना का वाटलं असावं कोण जाणे. स्वरांगीनं ओठ घट्ट मिटले. झैनबला तेही जमलं नाही, ती पाठ फिरवून खोकू लागली.

हिरलला मात्र हसू आलं नाही. तिनं आईला विचारलं, बोंबील कुठे आहेत.

काकाच्या शेडमध्ये, आई म्हणाली. कालपासून. ताडपत्रीखाली झाकून ठेवलेत, वास येऊ नये म्हणून. तुझा कार्यक्रम होऊ दे, सोमवारी परत टाकू. हे सगळं ती इतक्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, की हिरलला ते बघवेना. अर्धवट सुकलेला बोंबील झाकून ठेवला तर त्याला बुळबुळीत ओल सुटते आणि तो आंबतो, हे वारशेतमध्ये दात न आलेल्या पोरालाही माहीत असतं. तिच्या आईनं तर उन्हाच्या दिवशी दोरीवरून मासळी कधी काढली नव्हती. हिरलच्या बारशाच्या दिवशीसुद्धा नाही, असं आत्या अजून चिडवते. आणि आता काढली, ती आपल्या मुलीला घराची लाज वाटते म्हणून. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. सोनचाफ्यानं सांगितलं होतं.

हिरलनं दप्तर टाकलं आणि धावत सुटली. मागोमाग मैत्रिणी, त्यांच्या मागे गजरा सांभाळत आई. शेडमध्ये ताडपत्री वर केली, तेव्हा आतून जो भपकारा आला त्यानं चौघीही एक पाऊल मागे सरल्या. पण हिरलनं डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. वरचे थर आंबले होते. खालून मात्र अजून मिठाचा, उन्हाचा धागा येत होता.

"अर्धे वाचतील," ती म्हणाली. "आत्ता टाकले तर."

मग पुढचा तासभर कोणी कार्यक्रमाचं नावही काढलं नाही. टोपल्या भरायच्या, अंगणात आणायच्या, गेलेला मासा बाजूला काढायचा, राहिलेल्यांच्या जोड्या लावायच्या. झैनबला जबड्यात जबडा अडकवायचं तंत्र लगेच जमलं. म्हणाली, आमच्या बेकरीतल्या दोन भावांचं भांडण असंच असतं. स्वरांगी ओढणी नाकाला बांधून दरोडेखोरासारखी उभी होती.

"तुझ्या घराला सोनचाफ्याचा वास येतो ना गं?" ती ओढणीआडून म्हणाली.

"तो तुमचा होता. तुमच्या विहिरीजवळच्या झाडाचा."

"माहितीये. पहिल्या दिवसापासून माहितीये. आमचा चाफा मला कळणार नाही होय? मला वाटलं, तू आपणहून सांगशील."

स्वरांगीनं एक बोंबील चिमटीत उचलला, जणू तो चावणार आहे, आणि हिरलपुढे धरला. "आता हे कसं अडकवायचं ते दाखव. आणि माझा चाफा परत कर."

थोड्या वेळानं तिची ओढणी गळ्यात उतरली होती. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की वास गेला कुठे. गेला नाही, हिरल म्हणाली, तुझं नाक सरावलं. तोच तोच वास येत राहिला की नाकातले ग्राहक निरोप देणं कमी करतात, नव्या वासाला वाट मोकळी ठेवतात. म्हणून तर कोणालाच आपल्या घराचा वास येत नाही. आणि मग आईनं निखाऱ्यावर दोन सुके बोंबील भाजले, वर लिंबू पिळलं, आणि त्या नव्या वासाला स्वरांगीच्या नाकानं अशी वाट दिली की दुसरा बोंबील तिनं मागून घेतला. झैनब म्हणाली, याच्यासोबत आमचा कडक पाव काय लागेल.

झैनबनं पावाचं नाव काढल्यावर हिरलला सुचलं, की हे या दोघींना आवडलं तर बाकीच्यांना का नाही. तिनं हात धुतले न धुतले आणि कार्तिकी गव्हाणेला फोन लावला. सरळ विचारलं, की उद्या मी अंगणातून हा वास पाठवला तर काय होईल.

राखाडी नाक येईल, कार्तिकी म्हणाली. राज्यभर. पण गंधदूतांना मागे दुसरा वास लावायची सोय आहे, तुझा सोनचाफा चालेल की. हिरलनं विचारलं, की मुळात हा दुर्गंध कसा. तेव्हा कार्तिकी मोकळेपणानं बोलली. सुक्या मासळीत ट्रायमिथाइल अमाइन नावाचा एक रेणू असतो. कुजलेल्या मासळीतही तोच, फक्त पुष्कळ जास्त आणि वेगळ्या संगतीत. पंचांनी कुजलेल्याला नको म्हटलं, सुक्यालाही नको म्हटलं, आणि यंत्रानं दोघांना एकाच पोत्यात टाकलं.

"त्यातला फरक तर आत्ता मी नाकानं निवडलाय," हिरल म्हणाली. "टोपली टोपली निवडलाय. तुमच्या पंचांना नाही कळला?"

"आमच्या पंचांत किनाऱ्यावरचं एकही नाक नाही," कार्तिकी म्हणाली. "मी स्वतः यवतमाळची. मला कुठे कळणार होता?"

मग तिनं आणखी सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात मुलांच्या गाळणीसाठी मुलांमधूनच नवे पंच बसणार आहेत, अर्ज सोमवारपर्यंत, सोळा पूर्ण नसतील तर सोबत पालक हवा. पंचांची मतं विभागली, की वास अडवला जात नाही. घेणाऱ्याला विचारलं जातं, हा घेणार का. एवढंच. मात्र पंच आणि गंधदूत दोन्ही होता येत नाही. जो न्याय करतो त्यानं जाहिरातीत दिसायचं नाही. आणि पंचाला तीन महिने दरवळ बंद. कोडी नाहीत, पान नाही, काही नाही, नाक कोरं राहायला हवं म्हणून.

"तीन महिन्यांत लोक विसरतात, हिरल," कार्तिकी म्हणाली. "तू गंधदूत झालीस तर मला आवडेल. हे मी कंपनीची म्हणून सांगते."

"आणि कंपनीची नसतात तर?"

पलीकडून बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज आला.

हिरल फोन ठेवून बांबूला टेकून उभी राहिली. हजारो लोक. बसमधल्या काकू. शहराशहरांतून दौरे, व्यासपीठं, माईक. हे सगळं आलं तेव्हा तिचा आवाज आला होता. हे गेलं तर आवाजही जाईल का, याची तिला खरोखर भीती वाटली. समोर झैनब आणि स्वरांगी दोरीच्या दोन टोकांना बसून, कोणाच्या जोड्या सरळ लागल्यात यावरून भांडत होत्या. त्यांना उद्याच्या कार्यक्रमाशी काही देणंघेणं आहे असं दिसत नव्हतं. आई गजरा काढून खुंटीला लावून आली होती आणि गेलेल्या मासळीची टोपली खतासाठी बाजूला ओढत होती, न चिडता, न उसासा टाकता. बाबा गुलाबाच्या कुंडीला पाणी घालत होते.

हिरलनं आधी स्वतःचं पान उघडलं आणि सोनचाफा काढून टाकला. त्या जागी काहीच लावलं नाही. मग ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली, शाळेत माईक धरला होता तशीच, फक्त हात रिकामे होते.

"आई, बाबा, इकडे बघा. उद्याचा कार्यक्रम मी करणार नाहीये. गंधदूतही होणार नाहीये, कार्तिकीताईंना आत्ता कळवते आणि पंचाचा अर्जही भरते. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला चाललेय, पंच म्हणून. तिथे मी सुक्या बोंबलाला हवा म्हणणार, आंबलेल्याला नको म्हणणार, आणि बाकीच्यांना दोघांतला फरक हुंगायला लावणार. मग ज्याला नको असेल त्यानं खुशाल नको म्हणावं, पण आधी त्याला विचारायला हवं. तीन महिने माझी कोडी बंद राहतील, लोक विसरले तर विसरले, मी परत पहिल्यापासून सुरुवात करेन. मला सोळा पूर्ण नाहीत, म्हणून तुमच्यापैकी एकानं माझ्यासोबत राहायला यावं लागेल. कोण येणार ते तुम्ही दोघं ठरवा, भांडा, काहीही करा. पण मी जाणार आहे, ते ठरलंय."